बर्फाळ किनारा आणि जवळचं अस्वल एकाच महिन्यात मिळत नाही

प्रश्न : मी ६३ वर्षांचा आणि पत्नी ५८ वर्षांची. पुढच्या वर्षी स्वालबार्डची आर्क्टिक क्रूझ करायचं ठरवलं आहे. दोन सफरी समोर आहेत. पहिली १० जूनपासून सात रात्रींची, जेमतेम ५० प्रवाशांच्या जहाजावरची. दुसरी १२ ऑगस्टपासून नऊ रात्रींची, १८० प्रवाशांच्या जहाजावरची, हवामानाने साथ दिली तर संपूर्ण द्वीपसमूहाला प्रदक्षिणा घालणारी. आम्हाला बर्फाने झाकलेले किनारे पाहायचे आहेत आणि ध्रुवीय अस्वलाचा जवळून फोटो हवा आहे. माझ्याकडे साधा डीएसएलआर आणि ७०-३०० मिलिमीटरची लेन्स आहे. पत्नीचे गुडघे दुखतात, रबरी बोटीत चढणं-उतरणं तिला जमेल का, ही मोठी धास्ती आहे. कोणती सफर निवडू आणि तयारी काय करू?

उत्तर :

नमस्कार. आधी निर्णय सांगतो, कारणं मागाहून : जूनची सफर घ्या. मात्र पैसे भरण्याआधी ‘अस्वलाचा जवळून फोटो’ ही अपेक्षा प्रवासाच्या यादीतून काढून टाका. ती राहिली, तर जहाजावरचे सातही दिवस एका प्राण्याची वाट पाहण्यात जातील आणि बाकीचं आर्क्टिक डोळ्यांसमोरून निसटून जाईल.

तुम्हाला ज्या दोन गोष्टी हव्या आहेत, त्यांचे महिने वेगळे आहेत. स्वालबार्ड हा नॉर्वेचा द्वीपसमूह ७४ ते ८१ अंश उत्तर अक्षांशांत आहे. मे अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत डोंगरउतारांवर, खालच्या टप्प्यांत आणि बऱ्याच ठिकाणी अगदी पाण्याच्या कडेपर्यंत बर्फ असतो. आतल्या फियॉर्डांमध्ये, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या अरुंद खाड्यांमध्ये, किनाऱ्याला घट्ट चिकटलेला समुद्री बर्फही शिल्लक असतो. जुलै लागला की सखल भाग तपकिरी-हिरवा होतो, शेवाळ आणि बारकी फुलं दिसू लागतात, बर्फ शिखरांवर आणि हिमनद्यांपुरता उरतो. ऑगस्टच्या मध्याला जाऊन ‘बर्फाळ किनारा कुठे आहे?’ असं विचारणारे प्रवासी पुष्कळ असतात. तो तेव्हा हिमनद्यांच्या तोंडाशी असतो, इतरत्र नसतो.

आता अस्वल. १ जानेवारी २०२५ पासून स्वालबार्डमध्ये नवे नियम लागू झाले. १ मार्च ते ३० जून या काळात ध्रुवीय अस्वलापासून किमान ५०० मीटर अंतर राखावं लागतं, वर्षाच्या उरलेल्या काळात ३०० मीटर. वसंतात अंतर जास्त ठेवण्याचं कारण सरळ आहे. त्या दिवसांत अस्वलं समुद्री बर्फावर सीलची शिकार करून वर्षभराची चरबी साठवत असतात आणि माद्यांसोबत लहान पिल्लं असतात. अशा वेळी अस्वलाला पळायला लावलं, तर त्याची शिकार हुकते आणि साठवलेली ऊर्जाही खर्च होते. शिवाय अंतर कितीही असो, अस्वलाला आमिष दाखवणं, त्याचा पाठलाग करणं किंवा त्याच्या वागण्यात बदल होईल असं काही करणं हा स्वालबार्डच्या पर्यावरण कायद्याखाली गुन्हाच आहे. अस्वल स्वतःहून जवळ आलं, तरी मागे सरायचं ते जहाजाने. त्यामुळे जुन्या छायाचित्रांमध्ये जहाजाच्या पुढच्या टोकाखाली उभं राहून वर पाहणारं अस्वल दिसतं, ते दृश्य आता विसरायचं. जाहिरातीत अजून तोच फोटो वापरणाऱ्या कंपनीला नियम कसे पाळता हे अवश्य विचारा.

म्हणजे जूनमध्ये बर्फ आहे पण अस्वल ५०० मीटरवर, ऑगस्टमध्ये अस्वल ३०० मीटरवर पण बर्फ मागे हटलेला. माझा कौल जूनला आहे, कारण ५०० आणि ३०० मधला फरक तुमच्या लेन्सच्या दृष्टीने फारसा कामाचा नाही, आणि बर्फाचा फरक मात्र संपूर्ण सफरीचा रंग बदलतो.

हिशोबच करू. अस्वलाची लांबी सुमारे २ मीटर धरा. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण २३.५ मिलिमीटर रुंद असणार. ३०० मिलिमीटरच्या लेन्समधून ३०० मीटरवरचं अस्वल त्या सेन्सरवर २ मिलिमीटर भरतं, म्हणजे फोटोच्या रुंदीच्या बाराव्या हिश्श्याएवढं. ५०० मीटरवर ते विसाव्या हिश्श्याएवढं होतं. ६०० मिलिमीटरची लेन्स लावली, तर ३०० मीटरवर सहावा हिस्सा आणि ५०० मीटरवर दहावा. थोडक्यात, महागडी लेन्स घेऊनही जूनमध्ये अस्वल चौकटीभर येणार नाही. फोटो मिळेल तो ‘बर्फात चालणारं अस्वल’ असा, ‘अस्वलाचा चेहरा’ असा नव्हे. आणि खरं तर पहिला फोटोच त्या प्राण्याबद्दल जास्त सांगतो : केवढ्या पांढऱ्या पसाऱ्यात तो एकटा फिरतो ते त्यात दिसतं. मागे हिमनदी, मध्ये तुटका बर्फ, एका कोपऱ्यात अस्वल, अशी चौकट मनात धरून जा. तुमची ७०-३०० त्यासाठी पुरते.

लेन्सवर खर्च करण्यापेक्षा दुर्बिणीवर करा, आणि दोघांना दोन स्वतंत्र घ्या. एकाच दुर्बिणीची देवाणघेवाण करताना प्राणी बर्फाच्या उंचवट्यामागे जातो, हे दर सफरीत घडतं. ८ पट मोठं दाखवणारी घ्या. १० पटीची जहाजाच्या थरथरीत आणि वाऱ्यात स्थिर धरणं अवघड जातं. ८ पटीतून ५०० मीटरवरचं अस्वल ६०-६५ मीटरवर असल्यासारखं दिसतं, ३०० मीटरवरचं ४० मीटरच्या आत आल्यासारखं. मान कुठे वळवतो, पंजा कसा टाकतो, पिल्लू आईच्या मागे आहे की पुढे, सगळं कळतं. लाँगइयरब्येन या स्वालबार्डच्या मुख्य गावात एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य मावळत नाही, त्यामुळे अंधारासाठी मोठ्या भिंगाची जड दुर्बीण नको. ८×३२ ही हलकी दुर्बीण पुरते आणि तासभर गळ्यात घातली तरी मान अवघडत नाही.

शोधायचं कसं, हेही सांगून ठेवतो. बर्फात पांढरं काही शोधू नका. ताज्या बर्फापुढे अस्वल पिवळसर, सायीच्या रंगाचं दिसतं. क्षितिजापासून सुरुवात करून दुर्बीण डावीकडून उजवीकडे सावकाश सरकवा, मग थोडी खाली घेऊन उलट दिशेने या. पिवळसर ठिपका दिसला की तिथेच थांबून दोन मिनिटं पाहा. हलला तर प्राणी, नाही तर जुना मळलेला बर्फ किंवा दगड. किनाऱ्याला चिकटलेल्या बर्फावर काळे ठिपके पसरलेले दिसले तर ते सील असतात, आणि सील जिथे आहेत तिथे अस्वल असण्याची शक्यता चांगली. हा चिकटलेला बर्फ फोडत आत जायला जहाजांना मनाई आहे, म्हणून जहाज त्याच्या कडेशी उभं राहतं आणि तासन् तास नुसतं पाहायचं असतं. हे तास कंटाळवाणे समजू नका. सफरीतले सगळ्यात चांगले क्षण बहुधा याच तासांत येतात.

प्राणी दिसल्याचा पुकारा पहाटे तीनला झाला तरी बाहेर यायचं. उबदार जाकीट, टोपी, हातमोजे, बूट आणि दुर्बीण केबिनच्या दाराशी एका जागी ठेवून झोपा. डेकवर आवाज खाली, दार हळू लावायचं, धावायचं नाही. लोखंडी डेकवरची पावलं पाण्यापर्यंत ऐकू जातात. अस्वल थबकून मान उंचावून हुंगू लागलं, वाट बदलली किंवा वारंवार मागे पाहू लागलं, तर ते अस्वस्थ आहे आणि कप्तान निघायचा निर्णय घेईल. तेव्हा ‘अजून पाच मिनिटं’ म्हणू नका.

अस्वल दिसेलच याची हमी कुणीही देऊ शकत नाही. बॅरेंट्स समुद्राच्या परिसरातल्या अस्वलांची संख्या सुमारे तीन हजार मानली जाते, ती नॉर्वे आणि रशियाच्या हद्दीतल्या प्रचंड क्षेत्रात विखुरलेली. स्वालबार्डच्या बेटांवर वर्षभर राहणारी त्यातली शंभरांत मोजावी इतकीच.

म्हणून बाकीच्या प्राण्यांकडे मनापासून पाहा. समुद्रपक्ष्यांनी भरलेले उभे कडे मी अस्वलापेक्षा खाली ठेवणार नाही. हिनलोपेन सामुद्रधुनीतला आल्केफेलेटचा कडा डोलेराइट खडकाचा, सुमारे शंभर मीटर उंच, आणि त्यावर ब्रुनिच गिलेमॉट या समुद्रपक्ष्याच्या साठेक हजार जोड्या वीण करतात. घरटं नाहीच. खडकाच्या बोटभर कपारीवर थेट अंडं, तेही नासपतीच्या आकाराचं. पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की उडता येत नसतानाच कड्यावरून समुद्रात झेप घेतं आणि बाप त्याला घेऊन पोहत दूर जातो. खाली कोल्हे आणि मोठे कुरव टपलेले असतात. या उड्या जुलैच्या अखेरीपासून पडतात. ऑगस्टच्या मध्याला तुम्ही पोहोचाल तेव्हा हा कडा बहुतेक रिकामा झालेला असेल. ऑगस्टची सफर नाकारण्याचं हे माझं दुसरं मोठं कारण.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी : १० जूनला हिनलोपेन बर्फाने अडलेली असू शकते आणि मग आल्केफेलेट हुकेल. तसं झालं तर पश्चिमेला क्रॉसफियॉर्डमध्ये ‘चौदा जुलै खाडी’ नावाची जागा आहे. तिथल्या कड्यांवर गिलेमॉट आणि पफिन दिसतात, शेजारीच त्याच नावाची हिमनदी समुद्रात उतरते. पफिनसाठी तर हीच जागा सोयीची. कड्याखाली बोट गेली की डोक्यावर टोपी हवीच आणि कॅमेऱ्यावर फडकं, कारण वरून विष्ठेचा पाऊस पडत असतो. सुरय पक्षी मात्र जमिनीवर घरटं करतो आणि जवळ आलेल्या माणसाच्या डोक्यावर चोच मारतो. तो झेपावू लागला की काठी किंवा हात डोक्यावर उंच धरून आल्या वाटेने परत फिरा. तो सगळ्यात उंच टोकावर हल्ला करतो, म्हणून हा उपाय चालतो.

वॉलरसचं नशीब स्वालबार्डमध्ये पालटलं आहे. दात आणि चरबीसाठी शतकानुशतकं शिकार होऊन ते जवळजवळ संपले होते. १९५२ मध्ये संरक्षण मिळालं आणि आता वाळूच्या किनाऱ्यांवर त्यांचे कळप पुन्हा पडलेले दिसतात. बहुतेक नर, दीड टनापर्यंत वजनाचे, एकमेकांच्या अंगावर दात टेकवून झोपलेले. इंजिनाची बोट त्यांच्या विश्रांतीच्या जागेपासून १५० मीटर लांब ठेवावी लागते, म्हणून पाहायचं तर थोडं दूर उतरून चालत जायचं. वारा त्यांच्याकडून आपल्याकडे येईल अशी दिशा धरायची, सगळ्यांनी एका रांगेत, सावकाश, पाण्याकडची वाट मोकळी ठेवून. एक जरी घाबरून समुद्राकडे निघाला तरी सगळा कळप उधळतो, आणि त्यात पिल्लू असेल तर चिरडतं. वास उग्र येतो. नाकावर रुमाल धरा, पण खोकू नका.

हिमनद्यांच्या तोंडाशी पांढुरक्या-राखाडी पाठीचे किटिवेक कुरव हजारोंनी जमलेले दिसले, तर नुसतं ‘सुंदर’ म्हणून पुढे जाऊ नका. हिमनदीच्या तळातून वितळलेलं गोडं पाणी बाहेर पडतं, ते खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्याने वर उसळतं आणि खोलातले सूक्ष्म जीव पृष्ठभागावर आणतं. पक्षी तिथे जेवायला आलेले असतात. बेलुगा देवमासेही याच तोंडांजवळ कळपाने फिरतात : प्रौढ पांढरे, पिल्लं करडी, पाठीवर पर नाही, उड्या नाहीत, नुसत्या पांढऱ्या पाठी पाण्यावर येऊन जातात. फेसाळ लाट समजून लोक त्यांच्यावरून नजर फिरवतात. निळा देवमासा आणि फिन देवमासा यांच्यासाठी मात्र उन्हाळ्याचा उत्तरार्ध चांगला, तेवढा गुण ऑगस्टच्या पारड्यात टाका.

हिमनदीच्या भिंतीपासून बोट किमान २०० मीटर, भिंत उंच असेल तर आणखी लांब ठेवतात. कोसळणाऱ्या बर्फापेक्षा त्याने उठणारी लाट धोक्याची असते, उथळ किनाऱ्यावर ती आणखी उंच होते. म्हणून हिमनदीसमोरच्या पुळणीवर पाण्याच्या कडेला रेंगाळायचं नाही. बोटीचं इंजिन बंद केलं की पाण्यातल्या तुकड्यांतून तडतड ऐकू येते. बर्फात शतकानुशतकं दाबली गेलेली हवा बुडबुड्यांतून सुटत असते. त्या वेळी बोलू नका, एवढी एकच विनंती.

जहाजाबद्दल. २०२५ च्या त्याच नियमांनी संरक्षित क्षेत्रांत २०० पेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजांना बंदी घातली आणि या क्षेत्रांत उतरण्याच्या जागा ४३ वर आणल्या. संरक्षित क्षेत्र म्हणजे जमिनीचा जवळपास दोन तृतीयांश भाग. तुमच्या दोन्ही सफरी नियमात बसतात, तरी ५० आणि १८० यांत फार फरक आहे. रबरी बोटीत दहा-बारा जण बसतात. पन्नास प्रवासी पाच बोटींत एकदम उतरतात. १८० जणांचे गट पाडावे लागतात आणि एक गट किनाऱ्यावर असताना दुसरा जहाजावर थांबतो. हवामान बिघडलं तर दुसऱ्या गटाची पाळी बुडते. उलट मोठं जहाज उघड्या समुद्रात कमी हेलकावतं. पश्चिम किनाऱ्यावरच्या फियॉर्डांत पाणी बहुतांशी शांत असतं, त्यामुळे तुमच्या जूनच्या मार्गावर हा मुद्दा फार मोठा नाही.

कंपनीला तीन गोष्टी लेखी विचारा. एक, जहाजाचा बर्फवर्ग काय आहे. तो असला म्हणजे जहाज बर्फ फोडत जाईल असं नाही, बर्फाच्या तुकड्यांमधून सुरक्षित जाईल एवढाच त्याचा अर्थ. दोन, प्रवासी किती आणि वाटाडे किती. तीन, आणि पत्नीसाठी हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा : रबरी बोटीत कुठून चढायचं? काही जहाजांना पाण्याच्या पातळीलगत बाजूला दार असतं, तिथून जवळजवळ सपाट पाऊल टाकून बोटीत जाता येतं. बाकीच्या जहाजांवर बाजूला लटकवलेल्या लोखंडी जिन्याच्या पंधरा-वीस पायऱ्या उतराव्या लागतात. दुखऱ्या गुडघ्यांना जिना उतरणं चढण्यापेक्षा जड जातं, आणि तो दिवसातून दोनदा असतो.

बोटीत जाण्याची पद्धत ठरलेली आहे. दोन्ही हात मोकळे हवेत : पिशवी आधी खलाशाकडे द्यायची, काठी त्याच्याकडेच. त्याचा आणि आपला पंजा नव्हे, तर एकमेकांच्या मनगटावरचा भाग धरायचा. ओला पंजा निसटतो, ही पकड सुटत नाही. बोट लाटेबरोबर वर-खाली होत असते. खलाशी ‘आता’ म्हणेल तेव्हाच पाऊल टाकायचं, आधी बोटीच्या फुगीर कडेवर, मग आतल्या पायरीवर, मग तळाशी. लगेच खाली बसायचं आणि बसल्या बसल्या कडेवरून सरकत जागेवर जायचं. बोटीत उभं राहायचं ते चालकाने परवानगी दिल्यावरच, आणि एका वेळी एकाने.

किनाऱ्याला उतरताना जेट्टी नसते. बोटीचं नाक वाळूला लागतं, प्रवासी सरकत पुढे येतात, पाय कडेवरून बाहेर टाकतात, लाट ओसरली की घोटाभर किंवा नडगीभर पाण्यात उतरतात. इथे चूक होते ती उडी मारण्याची. उडी नाही, घसरत उतरायचं, आणि दोन्ही बाजूंनी धरायला माणसं असतात. गुडघे कमजोर असल्याचं पहिल्याच दिवशी वाटाड्यांना सांगा. लपवलं तर भरधाव बोटीत पुढच्या टोकाला, जिथे आदळे सगळ्यात जास्त बसतात, तिथे बसवतील. सांगितलं तर मागे चालकाजवळ जागा देतील. चालण्याचे गट बहुधा तीन असतात : लांबचा, मधला आणि किनाऱ्याजवळ रेंगाळणारा. पत्नीने तिसऱ्यात जावं, त्यात कमीपणा नाही. पक्षी, कोल्हा, रेनडिअर आणि फुलं पाहायची तर सावकाश चालणाऱ्यांनाच जास्त दिसतात. जूनमध्ये वाटेत मऊ बर्फ असतो, पाय गुडघ्यापर्यंत रुतू शकतो, तिथे दोन चालकाठ्या लागतील. आणि काही फेऱ्यांत उतरायचंच नसतं, बोटीतूनच हिमनगांमधून किंवा कड्याखालून फिरायचं असतं. त्या तिने एकही सोडू नये.

आतापासून रोज वीतभर उंच पायरीवर पाऊल ठेवून वर-खाली होण्याचा आणि हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठण्याचा सराव सुरू करा, डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवून. बोटीत नेमक्या याच दोन हालचाली लागतात. कोणाच्याही मदतीने जिना उतरता येत नसेल अशी अवस्था असेल, तर मात्र ही सफर पुढे ढकला.

किनाऱ्यावर बंदूकधारी रक्षक आधी उतरतात, परिसर पाहून घेतात, मग तुम्हाला बोलावतात. धुकं आलं की लांबचं दिसत नाही, म्हणून उतरणं रद्द होतं. यावर वाद घालण्यासारखं काही नसतं. किनाऱ्यावर दोन-तीन तास जातात आणि शौचाची सोय नसते, तेव्हा निघण्याआधी उरकून घ्या. दगड, हाड, शिंग, लाकूड, काहीही उचलायचं नाही : १९४६ पूर्वीचा मानवी वावराचा प्रत्येक अवशेष कायद्याने संरक्षित आहे, मग तो गंजका खिळा का असेना. मॅग्डालेनेफियॉर्डमध्ये देवमाशांच्या शिकाऱ्यांच्या सतराव्या-अठराव्या शतकातल्या कबरी आहेत, त्यांच्याभोवतीची सीमा ओलांडू नका.

नी-ऑलेसुंड या संशोधकांच्या गावी थांबा असेल तर तिथे भारताचं ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र बाहेरून पाहता येईल; ते २००८ मध्ये सुरू झालं. नॉर्वेचा ध्रुवसंशोधक अमुंडसेन १९२६ मध्ये ज्या वायूने भरलेल्या हवाई जहाजातून (एअरशिप) ध्रुवाकडे गेला, ते बांधून ठेवण्याचा मनोराही तिथेच उभा आहे. गावात संवेदनशील रेडिओ उपकरणं असल्याने फोनचं वायफाय आणि ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं. मनगटावरचं घड्याळ लोक विसरतात, तेही बंद करा.

कपड्यांत एकच तत्त्व : सुती काही अंगाला लागता कामा नये. घामाने भिजलं की ते वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषून घेतं. आत मेरिनो लोकर किंवा कृत्रिम धाग्याचा थर, त्यावर फ्लीस, त्यावर वारा आणि पाणी अडवणारं जाकीट. पाच अंश तापमान ऐकायला फार वाटत नाही, पण रबरी बोट ताशी ३० किलोमीटरने धावली की तेच शून्य अंशासारखं लागतं. उणे दोन असेल तर उणे नऊसारखं. पाणी न झिरपणारी विजार बुटांच्या आत खोचू नका, बुटांवरून बाहेर सोडा, नाही तर उडालेलं पाणी थेट बुटात जातं. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट बहुतेक जहाजं देतात, मागणी कळवताना एक माप मोठं सांगा. जाड मोज्यावर बूट घट्ट बसला तर रक्त नीट फिरत नाही आणि पाय मोज्यांच्या दोन थरांतही गारठतात. हातांना पातळ हातमोजा आत आणि बोटं एकत्र ठेवणारा जाड मिटन वर. फोटो काढताना फक्त वरचा काढायचा. जीवरक्षक जाकीट सगळ्यांत वर, त्यावर पिशवीचा पट्टा नाही, कारण पाण्यात पडल्यावर ते आपोआप फुगतं आणि पट्ट्याखाली अडकतं. पिशवी मांडीवर.

कॅमेऱ्याचं थोडक्यात. ट्रायपॉड नको, इंजिनाची थरथर त्यातून वर चढते. त्याच कारणाने लेन्स कठड्यावरही टेकवू नका, कोपर अंगाशी धरा. जहाजावरून किमान एक हजारांश सेकंद, उडत्या पक्ष्यांसाठी दोन हजारांश. बर्फामुळे कॅमेरा फसतो आणि फोटो करडा काढतो, म्हणून एक्स्पोजर पाऊण ते एक पायरी वाढवा. जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाला लागून. बाहेरून केबिनमध्ये येण्याआधी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करा आणि तासभर उघडू नका. नाही तर गार भिंगावर दव धरतं, तेवढ्यात पुन्हा पुकारा झाला तर हाती धुकट काच उरते. संरक्षित क्षेत्रांत ड्रोन उडवायला मनाई आहे, तो घरीच ठेवा.

निघण्याआधी जाकिटाचे खिसे, वेल्क्रोच्या पट्ट्या, पिशवीचे कोपरे आणि काठ्यांची टोकं ब्रशने साफ करा. परक्या गवताचं एखादं बी तिथे रुजणं नको आहे. जहाजावर बूट जंतुनाशकात बुडवायला लावतील. पक्ष्यांचा फ्लू या बेटांवर पोहोचलेला आहे, म्हणून मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका, वाटाड्याला जागा सांगा. जमिनीवर गुडघे टेकून किंवा लोळून फोटो काढण्याचंही याच कारणाने टाळा.

केबिन निवडायला मिळाली तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्याजवळची घ्या, हेलकावे तिथे कमी असतात. मळमळीची गोळी समुद्र खवळायच्या आधी घ्यावी लागते, उलट्या सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही. कोणती घ्यायची ते तुमच्या बाकीच्या औषधांसह डॉक्टरांना विचारा. झोपेसाठी डोळ्यांवरची पट्टी न्या. सूर्य मावळत नाही आणि सगळेच पडदे घट्ट नसतात.

विम्यात हेलिकॉप्टर आणि विमानाने हलवण्याचा खर्च स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे का, ते पाहा. लाँगइयरब्येनचं रुग्णालय छोटं आहे, गंभीर रुग्ण नॉर्वेच्या मुख्य भूमीवरच्या ट्रॉम्सोला हलवावे लागतात. गुडघ्यांचा जुना त्रास विमा कंपनीला आधीच कळवा.

व्हिसाबद्दल एक चूक फार महागात पडते. स्वालबार्ड नॉर्वेच्या सार्वभौमत्वाखाली असलं तरी शेंगेन क्षेत्राच्या, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांच्या, बाहेर आहे. ओस्लोहून तिथे गेलात की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडलात आणि परतताना पुन्हा आत शिरता. म्हणून एकदाच प्रवेश देणारा व्हिसा चालत नाही, दोन किंवा अनेक प्रवेशांचा मागा आणि अर्जासोबत जहाजाचं आरक्षण जोडा. लाँगइयरब्येनला जहाज सुटण्याच्या किमान एक दिवस आधी पोहोचा. सामान मागे राहिलं तर ते पुढच्या विमानाने येऊ शकतं; जहाज निघून गेल्यावर ते तुमच्यापर्यंत पोहोचवायला कुणीच नसतं. दुर्बिणी, औषधं, हातमोजे आणि एक उबदार थर हातातल्या पिशवीतच ठेवा.